पॅरिसहून परतलेला तारो

टोकियोत येऊन मला नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत ज्याच्याशी माझी जवळजवळ रोज गाठ पडते, असा एक माणूस १९९६ सालीच वारलेला आहे. शिबुया स्टेशनवर जेआरच्या गाडीतून उतरून इनोकाशिरा लाइनकडे जाताना एक रुंद पॅसेज लागतो. त्याच्या भिंतीवर ३० मीटर लांब आणि साडेपाच मीटर उंच असं एक चित्र आहे. मधोमध जळणारा सांगाडा, चहूकडे आगीच्या जिभा, एका कोपऱ्यात छोटीशी मासेमारी बोट. सकाळी ऑफिसला पळणारी गर्दी त्याच्यासमोरून जाते, त्या गर्दीत मीही असते. हे चित्र तारो ओकामोतोचं.

जपानमध्ये तारो माहीत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. आमच्या टीममधल्या बाविशीच्या मुलालाही त्याची नक्कल करता येते. दोन्ही हात पसरायचे, डोळे वटारायचे आणि कला म्हणजे स्फोट आहे असं ओरडायचं, की झाला तारो. आपल्याकडे मात्र सर्रिअलिझम, म्हणजे अतिवास्तववाद म्हटलं की दालीची वितळणारी घड्याळं आठवतात आणि यादी तिथेच संपते. म्हणून हा लेख. (मी त्याला एकेरीतच संबोधणार आहे. आपण पिकासोला तरी कुठे अहोजाहो करतो?)

तारोचा जन्म २६ फेब्रुवारी १९११ चा, आजच्या कावासाकी शहरातल्या फुताको भागात, आजोळी. टोकियोला लागून वाहणाऱ्या तामा नदीच्या काठचं हे गाव. वडील इप्पेई ओकामोतो हे आसाही या बड्या दैनिकाचे व्यंगचित्रकार होते, त्या काळातले स्टारच म्हणा ना. आई कानोको कवयित्री आणि पुढे कादंबरीकार. घर अगदी जगावेगळं. कानोकोचे प्रियकर नवऱ्याच्या संमतीनं त्याच घरात राहत असत. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे, हे मला पुन्हापुन्हा स्वतःला सांगावं लागतं.

कानोकोला घरकाम जमत नसे आणि मूल सांभाळणं तर त्याहून नाही. लिहायला बसली की छोट्या तारोला ती कमरेच्या पट्ट्यानं कपाटाला बांधून ठेवायची. तो रडला, ओरडला तरी ती मागे वळून बघत नसे. पुढे तारोनं ही आठवण अनेकदा सांगितली, पण तक्रारीच्या सुरात नाही. टेबलावर वाकलेल्या, केस मोकळे सोडलेल्या आईची ती पाठ त्याला भव्य वाटायची. पाच वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून मीटिंग करणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट ऐकून नक्की कुणाची कीव करावी ते कळत नाही. पण एवढं खरं, की आपलं काम हीच सगळ्यात गंभीर गोष्ट आहे असं वागणारा माणूस तारोनं फार लवकर पाहिला.

शाळेत तो टिकेना. शिक्षकांशी भांडणं, मग शाळा बदलायची. १९२९ मध्ये टोकियोच्या सरकारी कला विद्यालयात प्रवेश मिळाला, तो त्यानं सहा महिन्यांत सोडला. त्याच वर्षी इप्पेईला लंडनच्या नौदल परिषदेचं वार्तांकन करायला जायचं होतं. सगळं कुटुंबच बोटीनं निघालं आणि जानेवारी १९३० मध्ये तारो पॅरिसला उतरला. वय १८. आईवडील लंडनला गेले, हा पॅरिसमध्येच राहिला.

त्या वेळी पॅरिसमध्ये जपानी चित्रकारांची चांगली मोठी वस्ती होती. ते एकत्र राहायचे, एकत्र जेवायचे, पॅरिसच्या गल्ल्यांची चित्रं काढायचे आणि ती घेऊन मायदेशी परतले की तिथे नाव व्हायचं. ओळखीचं वाटतं ना? परदेशात राहून आपल्याच लोकांत राहायचं, हे काही आपण शोधलेलं नाही. तारोला ते पटलं नाही. तो एका फ्रेंच शाळेच्या वसतिगृहात राहिला आणि आपल्याहून लहान मुलांबरोबर भाषा शिकला. (पहिल्या वर्षी मी जपानीच्या क्लासला जायचे तेव्हा शेजारी बसणारी मुलं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असायची. त्यामुळे या एका बाबतीत माझं आणि तारोचं बरोबरीचं आहे.)

दोन वर्षं मात्र त्याला कळेचना की काढायचं काय. १९३२ मध्ये एका गॅलरीत त्यानं पिकासोचं एक चित्र पाहिलं, सुरई आणि फळांच्या वाडग्याचं. घरी जाताना बसमध्ये त्याला रडू आवरेना. इथे गंमत अशी, की त्यानं पिकासोची पूजा सुरू केली नाही. याच्या पुढे जायचं असं त्यानं ठरवलं. पुढच्या वर्षी तो अमूर्त चित्रकारांच्या एका गटात दाखल झाला. त्या गटात तो वयानं अगदी लहान होता. पण हळूहळू नुसत्या शुद्ध आकारांनी त्याचं भागेना. १९३६ चं त्याचं ‘दुखावलेला हात’ हे चित्र बघा. लाल रंगाची भलीमोठी रिबन, खाली काळ्या केसांचं झुकलेलं डोकं, चेहरा दिसतच नाही. आणि पुढे एक हात. त्याची कातडी पट्ट्यापट्ट्यांनी सोलल्यासारखी, मूठ मात्र घट्ट आवळलेली. धड अमूर्त नाही आणि धड माणूसही नाही. अतिवास्तववादाचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ या चित्रावर खूश झाला आणि १९३८ च्या पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शनात ते लागलं.

तोवर आईवडिलांना जपानला परतून सहा वर्षं झाली होती. १९३२ च्या जानेवारीत पॅरिसच्या स्टेशनवर त्यांनी मुलाचा निरोप घेतला. आई आणि मुलगा पुन्हा कधी भेटले नाहीत. पत्रं मात्र सतत. पॅरिसमधल्या मुलाच्या ओढीवर कानोकोनं कादंबरी लिहिली आणि आयुष्याच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत ती मोठी लेखिका म्हणून गाजली. १९३९ च्या फेब्रुवारीत ती गेली. तारो तेव्हा पॅरिसमध्येच होता. व्हॉट्सअ‍ॅपच्या काळातही आपल्यापैकी कितीतरी जणांनी अशी बातमी सात समुद्रांपलीकडे ऐकली आहे, त्यामुळे यावर मी काही लिहीत नाही.

पॅरिसमध्ये त्यानं आणखी एक केलं, आणि माझ्या मते तेच त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. तो चित्रं बाजूला ठेवून विद्यापीठात जाऊन बसला. मार्सेल मोस या थोर मानववंशशास्त्रज्ञाकडे तो शिकला. ‘म्युझे द लोम’ हे मानवसंग्रहालय तेव्हा नव्यानं उघडलं होतं. आफ्रिका, ओशिआनिया, अमेरिका अशा सगळीकडचे मुखवटे, मूर्ती आणि अवजारं तिथे होती. मोसकडे शिकायचं काय, तर एखादी जमात भेट का देते, बळी का देते, नाचते का. गॅलरीत टांगायला म्हणून नव्हे, तर जगायला म्हणून माणूस काय काय बनवतो. त्याच दिवसांत जॉर्ज बातायसारख्या विचारवंताच्या गुप्त मंडळातही तो होता. चित्रकारांच्या कंपूत असा अभ्यास करणारा तारो एकटाच नसेल, पण ते ज्ञान पुढे घरी आणून वापरणारा मला तरी दुसरा माहीत नाही.

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसजवळ आल्या. तारो दक्षिणेला पळाला आणि मार्सेहून जपान्यांना मायदेशी नेणारी शेवटची बोट त्यानं पकडली. साडेदहा वर्षांनी घरी आला तर घरी आई नाही, आणि देश युद्धाच्या वेडात. पुढच्या वर्षी ‘दुखावलेला हात’ला निका या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात बक्षीस मिळालं. त्याच वर्षी तिकडे पोलिसांनी फुकुझावा इचिरो हा चित्रकार आणि ताकिगुची शुझो हा कवी-समीक्षक, अशा दोन नामवंत अतिवास्तववाद्यांना उचलून महिनोन्‌महिने कोठडीत ठेवलं. अतिवास्तववाद म्हणजे छुपा साम्यवाद, असा सरकारला संशय. स्वप्नं रंगवणाऱ्या माणसांची एखाद्या सरकारला इतकी भीती वाटावी, हे मला नेहमी नवल वाटतं.

१९४२ मध्ये तारोला लष्करात बोलावणं आलं. तिशी ओलांडलेला, फ्रेंच बोलणारा साधा शिपाई म्हणून त्याला चीनच्या आघाडीवर पाठवलं. रोज रात्री नव्या शिपायांना मारहाण व्हायची. त्याबद्दल तो पुढे सांगायचा, की आपण मुद्दाम चौथा नंबर धरायचो. पहिल्या तिघांना मारेपर्यंत मारणाऱ्याचा हात चांगला तापतो आणि चौथ्याला सगळ्यात जोरात बसतं, म्हणून. पळायला जागाच नसेल तर निदान निवड आपली असावी, असा काहीतरी त्याचा हिशेब. युद्ध संपल्यावर काही महिने छावणीत कैद आणि १९४६ मध्ये सुटका. टोकियोत आओयामाला घरी आला तर तिथे राख. १९४५ च्या मे महिन्यातल्या बॉम्बहल्ल्यात घर जळालं होतं आणि पॅरिसहून जिवापाड जपून आणलेली सगळी चित्रंही. पॅरिसची साडेदहा वर्षं, दाखवायला एक कागद नाही.

आमच्या धंद्यात बॅकअप नसणं म्हणजे काय असतं ते मी वेगळं सांगायला नको. तारोनं काही चित्रं आठवणीतून पुन्हा रंगवली. आज आपण बघतो तो ‘दुखावलेला हात’ १९४९ चा आहे.

युद्धानंतरचा तारो म्हणजे भांडणारा तारो. जुने कलागुरू आणि त्यांची घराणी, सगळ्यांवर त्यानं तोफ डागली. १९४८ मध्ये लेखक-मित्रांबरोबर ‘रात्रीचं मंडळ’ नावाचा गट काढला. चित्रकलेत त्यानं एक तत्त्व मांडलं, विरुद्ध टोकांचं. अमूर्त आणि मूर्त, यंत्र आणि जीव, हसू आणि भय हे एकाच कॅनव्हासवर ठेवायचं, पण त्यांचा समेट घडवायचा नाही. भांडू द्यायचं. १९४९ च्या ‘अवजड उद्योग’ या चित्रात लालभडक यंत्राची दातेरी चाकं फिरताहेत, माणसं भिरकावली जाताहेत आणि समोर काय, तर हिरव्यागार पातीच्या कांद्याची जुडी! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्यानं हसले. कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या वडिलांना फोनवर फोटो पाठवला, तर त्यांना त्यात काहीच विनोदी वाटलं नाही. ते म्हणाले, शिफ्ट संपल्यावर भाजीच आठवते.

आता खरी गोष्ट. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये तारो उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला होता. तिथे एका बाजूला, पुरातत्त्वाच्या वस्तूंमध्ये, जोमोन काळातली मातीची भांडी ठेवली होती. जोमोन म्हणजे जपानमधला शिकारी आणि कंदमुळं गोळा करणाऱ्यांचा काळ. ही भांडी चार-पाच हजार वर्षांपूर्वीची. काठावरून ज्वाळा उसळाव्यात तशी माती वर उसळलेली, अंगभर दोऱ्यांचे ठसे, कुठेही सरळ रेष नाही. तारो अक्षरशः हादरला. दुसऱ्याच वर्षी त्यानं एका कलामासिकात त्यांच्यावर लेख लिहिला आणि जपानी कलाविश्वात खळबळ उडाली.

का उडाली? तोपर्यंत जपानची परंपरा म्हणजे चहाचा विधी, वाळूची बाग, फिके रंग, मोजकेपणा. जगालाही तेच दाखवायचं आणि स्वतःलाही तेच. जोमोनची भांडी कलेच्या इतिहासात धरतच नसत, ती उत्खननवाल्यांची. तारोनं सांगितलं, की ही ओबडधोबड, उधळलेली, भीतीदायक भांडीसुद्धा आपलीच आहेत, आणि कदाचित जास्त आपली आहेत. आज जपानी कलेचा इतिहास जोमोनपासून सुरू होतो, त्याचं मोठं श्रेय तारोकडे जातं.

ही दृष्टी त्याला कुठून मिळाली? मोसच्या वर्गातून. आफ्रिकेचा मुखवटा बघायला शिकलेल्या डोळ्यांनी तो घरची माती बघत होता. मला इथे आपले दामोदर कोसंबी आठवतात. तारो ज्या वर्षी जपान सोडून निघाला, त्याच १९२९ मध्ये कोसंबी हार्वर्डहून भारतात परतले. गणितज्ञ माणूस, पण पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि वाटा पायी तुडवत त्यांनी म्हसोबा, वेताळ, मातृदेवतांचे शेंदूर फासलेले तांदळे आणि अश्मयुगातली दगडी पाती यांचा माग काढला. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे त्यांचं पुस्तक १९६२ चं. दोघांची भेट झाली नसेल, पण झाली असती तर दोघं कडाक्याचं भांडले असते आणि मग एकत्र डोंगर चढायला गेले असते, असं मला उगाच वाटतं.

परदेशात आपण संस्कृती जपतो, म्हणजे काय जपतो? गणपती, लेझीम, नऊवारी, फराळ. मलाही ते सगळं आवडतं, मंडळाच्या कार्यक्रमात मीही नाचते. पण मी मूळची सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातली. आमच्याकडे बिरोबाच्या जत्रेत भंडारा उधळून हवा पिवळी होते, ढोल-कैताळावर धनगरांचा गजी नाच रात्र रात्र चालतो. त्याला आमच्या घरी कुणी संस्कृती म्हणत नसे, नुसती जत्रा म्हणत. इथल्या कार्यक्रमात ते कुणी आणत नाही, कारण हॉल खराब होईल. तारोचं पुस्तक वाचताना मला तो पिवळा रंग सारखा दिसत होता.

१९५४ चं त्याचं ‘आजची कला’ हे पुस्तक प्रचंड खपलं. त्यात त्यानं नेहमीच्या अपेक्षाच उलट्या करून टाकल्या. चित्र सफाईदार नसावं, सुंदर नसावं, बघणाऱ्याला सुखावणारंही नसावं. आणि चित्र काढणं हे चित्रकाराचंच काम नाही, प्रत्येकानं काढावं. मग कॅमेरा गळ्यात अडकवून तो जपानभर फिरला. अकितामध्ये वर्षअखेरीच्या रात्री राक्षसाचे मुखवटे घालून घरोघर पोरांना घाबरवणारे नामाहागे (आपल्या शिमग्यातल्या सोंगांचे चुलतभाऊच), इवातेमधला हरणाचं शिंगाड मस्तक घालून केला जाणारा नाच, इझुमो, शिकोकू. त्याचे हे फोटो मला त्याच्या काही चित्रांपेक्षा जास्त आवडतात. त्यात कसलाच आव नाही.

१९५९ मध्ये तो ओकिनावाला गेला. बेटं तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होती. कुदाका या छोट्या बेटावर सगळ्यात पवित्र जागा दाखवा म्हणाला, तर त्याला रानात नेलं. तिथे ना मंदिर, ना मूर्ती. झाडी, पाचोळा, दोन-चार दगड. याला उताकी म्हणतात आणि इथली पूजा बायका करतात. तारोसारखा बडबड्या माणूस त्या रिकाम्या जागेपुढे गप्प झाला. ज्यांनी कोकणातली देवराई पाहिली आहे, त्यांना मी जास्त काय सांगू! ओकिनावावरचं त्याचं पुस्तक १९६१ मध्ये आलं, त्याला माइनिची वृत्तसमूहाचा ग्रंथपुरस्कार मिळाला आणि ते आजही वाचलं जातं.

पण याच बेटावर त्यानं एक वाईटही केलं. १९६६ मध्ये तिथल्या बारा वर्षांनी येणाऱ्या स्त्रियांच्या विधीसाठी तो पुन्हा गेला, तेव्हा बेटावरच्या उघड्या दफनभूमीत शिरला. तिथले फोटो काढले गेले, छापले गेले. बेटावरच्या लोकांना ते फार लागलं. ज्या पावित्र्यापुढे हा माणूस गप्प झाला होता, तिथेच त्याला कॅमेरा आवरला नाही. त्याच्यावरच्या कौतुकाच्या लेखांत हे सहसा येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तारोनं काय काय केलं याची यादी करायला बसले तर पान पुरणार नाही. तेलचित्रं, शिल्पं, फोटो, पुस्तकं, नागोयातल्या एका मंदिराची शिंगं फुटलेली घंटा, बेसबॉल संघाचं बोधचिन्ह, नेकटाय, पतंग. माणसाला बसू न देणाऱ्या खुर्च्याही केल्या. सिरॅमिकच्या, रंगीत, वर डोळे वटारलेले चेहरे. आरामात बसायचं असेल तर दुसरीकडे जा! व्हिस्कीच्या बाटलीबरोबर फुकट मिळणाऱ्या ग्लासच्या तळाशीही त्यानं चेहरा काढला. लोकांनी नाकं मुरडली, याला काही फरक पडला नाही. स्वतःची चित्रं विकणं त्याला आवडत नसे. श्रीमंताच्या दिवाणखान्यात गेलेलं चित्र मेलं, असं त्याचं मत. चित्र रस्त्यावर पाहिजे, कुणालाही फुकट दिसेल असं. म्हणून त्याची कामं सगळ्या जपानभर चौकांत आणि बागांत उभी आहेत.

त्यातलं सगळ्यात मोठं ओसाकाजवळ सुईता इथे. १९७० चं जागतिक प्रदर्शन, आशियातलं पहिलं. घोषवाक्य प्रगती आणि सुसंवादाचं. वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी मधल्या चौकावर सुमारे ३० मीटर उंचीवर अवाढव्य पोलादी छत घातलं. मुख्य संकल्पनेचं दालन तारोकडे. प्रगतीवर याचा विश्वास नाही आणि सुसंवादावर तर नाहीच. यानं काय करावं? छत फोडून वर जाणारा ७० मीटरचा बुरुज काढला. तांगेंच्या छताला गोल भोक पाडावं लागलं. बुरुजाला दोन पसरलेले हात, वर भविष्याचा सोनेरी चेहरा, पोटावर वर्तमानाचा, पाठीवर भूतकाळाचा काळा सूर्य. नाव ‘सूर्याचा मनोरा’. आत ४१ मीटर उंचीचं ‘जीवनवृक्ष’ नावाचं झाड, त्याला अमिबापासून डायनोसॉरपर्यंत २९२ जीव लटकलेले. माणूस आहे, पण शोधावा लागतो. तळघरात जगभरातून गोळा केलेले मुखवटे आणि मूर्ती. तरुण मानववंशशास्त्रज्ञांनी फिरून जमवलेला हा संग्रह पुढे त्याच बागेतल्या राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयाचा पाया ठरला. मोसचा वर्ग असा तीस वर्षांनी ओसाकात भरला.

सहा महिन्यांत ६ कोटी ४२ लाख लोक आले. डाव्या विचारांच्या कलाकारांनी तारोवर सरकारी चित्रकार झाल्याची टीका केली. एक तरुण तर हेल्मेट घालून सोनेरी चेहऱ्याच्या डोळ्यात चढून बसला आणि आठवडाभर उतरला नाही. प्रदर्शन संपल्यावर सगळं पाडायचं होतं, मनोराही. लोकांनी पाडू दिला नाही. १९७५ मध्ये तो कायमचा ठेवायचं ठरलं. तांगेंचं छत गेलं, मनोरा राहिला. २०१८ च्या मार्चमध्ये आतला वृक्ष दुरुस्त करून, १८३ जीवांसह, पुन्हा उघडला.

२०२५ मध्ये ओसाकाला पुन्हा एक्स्पो भरला तेव्हा सासू-सासरे आले होते. नवीन एक्स्पोतल्या रांगांनी दोघं दमले, म्हणून दुसऱ्या दिवशी सुईताला नेलं. मोनोरेलच्या स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच मनोरा दिसतो. बाबांनी उंचीची आणि काँक्रीटची चौकशी सुरू केली. आईंनी आधी हात जोडले आणि मग मला विचारलं, की अगं, हा कुठला देव? मी म्हटलं, देव नाही, शिल्प आहे. त्यांना ते काही पटलं नाही. पाठीवरचा काळा चेहरा बघून त्या म्हणाल्या, पुढून ठीक आहे, पण मागचा जागृत दिसतोय. कितीतरी समीक्षकांचं वाचलंय मी, पण इतकं नेमकं कुणी म्हटलेलं आठवत नाही.

हा मनोरा चालू असतानाच तारो मेक्सिकोच्या खेपा घालत होता. मेक्सिको सिटीत एक भलंमोठं हॉटेल बांधलं जात होतं, त्याच्या लॉबीसाठी त्यानं ‘उद्याची दंतकथा’ हे भित्तिचित्र रंगवलं. सुरुवातीला सांगितलेला जळता सांगाडा तो हाच. विषय अणुबॉम्ब. कोपऱ्यातली बोट १९५४ मध्ये बिकिनीजवळच्या हायड्रोजन बॉम्बच्या राखेत सापडलेल्या २३ जपानी कोळ्यांची. पण चित्र रडत नाही. सांगाडा जळताना जणू उसळून हसतोय. हॉटेलवाल्याचे पैसे संपले, हॉटेल अर्धवट राहिलं आणि चित्र काढून कुठेतरी नेलं ते हरवलंच.

ते सापडलं तोशिकोमुळे. तोशिको ओकामोतो ही तरुणपणी ‘रात्रीच्या मंडळा’च्या बैठकांना यायची, मग तारोची सचिव झाली आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्याच्याबरोबर राहिली. तारोनं लग्न केलं नाही, तिला कायद्यानं दत्तक घेतलं. तो येरझाऱ्या घालत बोलायचा, ती लिहून घ्यायची. त्याची पुस्तकं अशी तयार झाली. त्याच्या कीर्तीत तिचा वाटा किती, हा प्रश्न मला एक बाई म्हणून पडतोच. तारो गेल्यावर तिनं त्यांचं आओयामाचं घर १९९८ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांना खुलं केलं आणि हरवलेल्या चित्राचा शोध चालूच ठेवला. २००३ मध्ये मेक्सिको सिटीच्या बाहेर एका सामानाच्या गोदामात तिला ते दिसलं, तुटलेलं, धुळीनं भरलेलं. चित्र जपानला आणायची सगळी तयारी तिनं केली आणि ते पोचण्याआधीच, २००५ च्या एप्रिलमध्ये, ती गेली. हिरोशिमा आणि सुईता या दोन्ही शहरांनी चित्र मागितलं होतं, २००८ मध्ये ते शिबुयाला लागलं. २०११ मध्ये फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर काही तरुण कलाकारांनी गुपचूप त्याच्या खालच्या कोपऱ्याला धुमसणाऱ्या अणुभट्टीचा छोटा तुकडा जोडला होता. तो लगेच काढला गेला. तारो असता तर त्यानं काय केलं असतं, यावर इथे अजून वाद होतो.

शेवटच्या वर्षांत टीव्हीनं तारोला विदूषक केलं. १९८१ च्या एका व्हिडिओ कॅसेटच्या जाहिरातीत तो घंटा बडवत स्फोटाचं ते वाक्य म्हणाला आणि तेवढाच तारो लोकांच्या लक्षात राहिला. त्याला कदाचित चाललंही असेल. पुढे पार्किन्सननं गाठलं. हाताशी असलेली चित्रं आणि शिल्पं त्यानं कावासाकी शहराला देऊन टाकली. ७ जानेवारी १९९६ ला, ८४ व्या वर्षी तो गेला. कावासाकीतलं मोठं संग्रहालय त्यानंतर १९९९ मध्ये उघडलं. जपानमध्ये आलात तर तिथे नक्की जा, इकुता र्योकुची नावाच्या हिरव्यागार बागेत आहे.

ओकामोतो कुटुंबाची थडगी टोकियोच्या पश्चिमेला तामा दफनभूमीत आहेत. आईचं स्मारक कान्नोन या करुणेच्या देवतेच्या मूर्तीचं, वडिलांचं तारोनंच घडवलेल्या शिल्पाचं. त्यांच्या समोर तारो आणि तोशिकोचं. त्यावर ‘दुपारचं ऊन’ नावाचं त्याचं शिल्प बसवलेलं आहे. दोन्ही हातांत गाल धरून बसलेलं एक लहान मूल, समोर आईवडिलांकडे बघत हसणारं.